‘समांतर’मध्ये खरं काय?

छत्रपती संभाजीनगरहून बोलतोय. पुढे स्पॉयलर आहेत, सिरीज बघितली नसेल तर आधी बघून या.

सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘समांतर’ २०२० मध्ये आली. कुमार महाजनला, म्हणजे स्वप्नील जोशीला कळतं, की सुदर्शन चक्रपाणीचा भूतकाळ हेच आपलं भविष्य. २०२१ च्या दुसऱ्या सीझनमध्ये तो चक्रपाणीच्या डायरीचं रोज एक पान वाचतो.

यातलं खरं कसं ओळखायचं? मी घटनांचे दोन ढीग करतो. कुमारला कळण्याआधी जे जुळलं, ते गोष्टीपुरतं खरं माना. तेव्हा त्याला काही माहीतच नव्हतं. कळल्यानंतर जे जुळलं, तिथं शंका घ्या. आयुष्यात एक बाई येणार असं वाचलेला माणूस प्रत्येक बाईकडे वेगळ्याच नजरेनं बघणार ना?

हे मला अनुभवातून सुचलं. स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो, तेव्हा एकानं हात बघून सांगितलं, “सरकारी नोकरीचा योग नाही.” महिनाभर मी अभ्यासिकेत गेलोच नाही. पूर्वपरीक्षेत नापास झालो. घरचे म्हणाले, “बघ, खरं निघालं!”

खरं निघालं नव्हतं. मीच ते खरं केलं होतं.

तुम्ही कुठली घटना कुठल्या ढिगात टाकाल? व्हॉइस नोट पाठवा.