स्कॉलरशिप म्हणजे मोबदला नव्हे

आजचा प्रश्न अमेरिकेतला आहे. तिथे कॉलेजकडून खेळणाऱ्या मुलांना स्कॉलरशिपशिवाय वर पैसे द्यावेत का?

आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामना बघायला मैदानाच्या कडेला चार मित्र उभे असतात. तिकडे मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं बसतात. कॉलेज बास्केटबॉलच्या एका वार्षिक स्पर्धेचे टीव्ही हक्क 2010 साली 14 वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरना विकले गेले. खेळणाऱ्याला मात्र फी, राहणं, जेवण आणि पुस्तकं, एवढंच मिळायचं.

याचं मूळ एका शब्दात आहे. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने 1950च्या दशकात ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द रूढ केला. खेळाडूला कामगार म्हटलं की जखमेची भरपाई द्यावी लागते, विद्यार्थी म्हटलं की लागत नाही. 1955 मध्ये कोलोरॅडोत एक विद्यार्थी फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. 1957 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली.

आता चित्र बदलतंय. 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ऑल्स्टन’ खटल्यात एनसीएएविरुद्ध 9-0 असा निकाल दिला. त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करायला मुभा मिळाली. 2025च्या तडजोडीनंतर कॉलेजं स्वतःच पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका कॉलेजसाठी मर्यादा साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. तरी कायद्याने ही मुलं अजून कर्मचारी ठरलेली नाहीत.

विरोधकांचा मुद्दाही खरा आहे. बहुतेक कमाई फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमधून येते. तो पैसा त्याच खेळाडूंना वाटला, तर पोहणं, कुस्ती आणि मुलींचे अनेक खेळ कशावर चालायचे?

म्हणून माझं मत असं: पैसे द्यावेत, पण आधी उपचारांची हमी द्यावी. खेळणं संपल्यावर किमान दोन वर्षं दुखापतीच्या उपचाराचा खर्च द्यायचा, असा नियम 2024 पासून आहे. गुडघा आणि डोकं दोन वर्षांचा हिशेब ठेवत नाहीत. काही दुखणी चाळिशीत डोकं वर काढतात.

आपल्या सैन्यात खेळाडू आधी सैनिक असतो. बीड जिल्ह्यातले अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि मग स्टीपलचेसकडे वळले. अशा खेळाडूचं पदक हुकलं तरी पगार चालू राहतो, आणि दुखापत झाली तर लष्करी रुग्णालय आहे. ज्याच्या अंगावर आपण कमावतो, त्याचं अंग सांभाळणं ही आपली जबाबदारी, एवढा साधा हा नियम आहे.

तुमच्या घरातलं कोणी स्कॉलरशिपवर तिकडे खेळायला निघालं असेल, तर रकमेआधी तीन गोष्टी विचारा: दुखापत झाली तर स्कॉलरशिप राहील का, उपचार किती वर्षं मिळतील आणि खेळ सुटला तरी पदवी पूर्ण करता येईल का. उत्तरं लेखी घ्या.