कागदांची कोंडी आणि सोंगट्यांचे गणित

न्यूझीलंडमधील हॅमिल्टन शहराच्या रोटोटुना भागात माझा भाचा राहतो. तिथे नवा असताना त्याची मोठी ओढाताण झाली. घरमालक म्हणे, बँकेचे खाते दाखवा, मग भाडेकरार करू. बँक म्हणे, भाडेकरार दाखवा, मग खाते उघडू. दोन्ही नियम रास्त, पण एकत्र आले की माणूस अडकलाच!

जर्मन गणिती कार्ल आडाम पेट्री यांनी १९६२ च्या प्रबंधात अशा व्यवहारांचे गणित मांडले. त्यातून आलेल्या जाळ्यात वर्तुळ म्हणजे स्थिती, चौकोन म्हणजे काम. कामाआधीच्या प्रत्येक वर्तुळात सोंगटी असेल तरच ते काम होते व सोंगटी पुढे सरकते. भाच्याचे जाळे वहीत काढले, तर एकही सोंगटी हलेना.

पुढे डच संशोधक विल व्हान डर आल्स्ट यांनी कार्यालयीन कामांसाठी कसोटी दिली: सुरू झालेले काम शेवटास जाता आले पाहिजे, मागे काही लोंबकळू नये आणि कोणतीही पायरी निरुपयोगी नसावी.

अखेर बँकेने नोकरीचे पत्र पुरावा म्हणून मानले. जाळ्यात एक नवी वाट, एवढेच! आपल्या मंडळांनीही नवा नियम करण्यापूर्वी कागदावर सोंगट्या फिरवून पाहाव्यात. तिथली चूक खोडरबराने पुसता येते, नंतरच्या चुकीपायी लोकांना हेलपाटे पडतात.