शेजारी काम करणारा मुलगा

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या मनात दुसऱ्याविषयी कळकळ कशी निर्माण व्हावी, असा प्रश्न निघाला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : त्यांना चांगले ऐकवा. देवळात कीर्तन आहे, चर्चमध्ये प्रवचन आहे, शाळेत मूल्यशिक्षणाचा तास आहे. आम्ही कामगार चळवळीत आयुष्य काढलेले. ऐकवण्याचा धंदा आमचाही आहे, आणि नुसत्या ऐकण्याने माणूस किती हलतो हे गेटसभांनी आम्हांला पुरते शिकवले आहे. म्हणून ख्रिस्ती मुलांमध्ये झालेल्या एका निराळ्या प्रयोगाची हकिगत आपल्यापुढे ठेवतो. प्रयोग बेल्जममधला, तो करणारे जोसेफ कार्डाइन नावाचे कॅथलिक धर्मगुरू.

कार्डाइन यांचा जन्म १८८२ सालचा, ब्रुसेल्सजवळच्या एका कष्टकरी घरातला. बरोबरीची मुले शाळा सोडून कामाला लागली आणि हे धर्मगुरू होण्याच्या शिक्षणाला गेले. सुटीत घरी आले तेव्हा जुने सवंगडी त्यांना परका मानू लागले होते. धर्मगुरू म्हणजे मालकाच्या बाजूचा, हा त्या मुलांचा हिशेब. ही जखम त्यांना जन्मभर पुरली. १९०३ साली वडील वारले. त्यांच्या मृत्युशय्येपाशी आपले आयुष्य कामगारांना वाहण्याचा निश्चय या तरुणाने केला.

१९१२ पासून लाकेन या वस्तीत त्यांनी काम आरंभले, तेही आधी कामकरी मुलींमध्ये. ही गोष्ट पुष्कळदा सांगायची राहून जाते. फेर्नां तोने, पॉल गार्से आणि जाक मेर्त हे तरुण त्यांना येऊन मिळाले आणि १९२५ साली ‘ख्रिस्ती कामगार युवक’ ही संघटना देशभर उभी राहिली. बेल्जममध्ये तेव्हा सक्तीचे शिक्षण चौदा वर्षांपर्यंत होते. म्हणजे चौदाव्या वर्षी मूल शाळेच्या बाकावरून उठे ते थेट यंत्रापाशी. रविवारचे चर्च आणि सोमवारचा कारखाना यांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते.

कार्डाइन यांची पद्धत तीन शब्दांत मावते : पाहा, पारखा, करा.

समजा, कारखान्यात नवा उमेदवार आला आहे. जुने कारागीर त्याची टिंगल करतात, चहा-विडीसाठी त्याला पळवतात. पाच-सात मुलांच्या बैठकीत पहिला प्रश्न हा : तो मुलगा राहतो कुठे? दुपारी कुणाबरोबर जेवतो? त्याला काम कोण शिकवते? माहीत नसेल तर पुढच्या बैठकीपर्यंत माहिती काढायची. हे पाहणे. मग शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचून, आहे ते आणि असावे ते यांत अंतर किती, हे मुलांनीच ठरवायचे. हे पारखणे. आणि शेवटी प्रत्येकाने सांगायचे, की येत्या आठवड्यात मी स्वतः काय करीन. एखादा म्हणेल, मालकाकडे तक्रार करू. तीही केव्हातरी करावी लागेल. पण उद्या दुपारी त्याच्या शेजारी डबा घेऊन बसणार कोण?

यात वडीलधाऱ्यांचे काम सर्वांत अवघड. उत्तर माहीत असूनही गप्प बसायचे. शिवाय, पाहायला शिकलेला मुलगा आपण आखलेल्या रेषेवर थांबत नाही. आज तो उमेदवाराचा डबा पाहतो, उद्या त्याची मजुरी पाहील, आणि परवा चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा गृहस्थ किती मजुरी देतो तेही विचारील. कामगार मुलांची वेगळी संघटना चर्चमधल्या काही वरिष्ठांना नको होती, ती उगाच नव्हे. कार्डाइन १९२५ मध्ये रोमला गेले आणि अकराव्या पायस पोपची मान्यता घेऊन आले, तेव्हा मार्ग मोकळा झाला.

आमच्यासारख्या युनियनवाल्याला यात एक खोच दिसते, ती लपवण्याचे कारण नाही. पोरे समाजवाद्यांच्या हाती जाऊ नयेत, हाही या खटाटोपातला एक हेतू होता. पण त्यातून जी माणसे तयार झाली त्यांचे काय झाले, तेही पाहावे. जर्मनांनी बेल्जम व्यापल्यावर कार्डाइन १९४२ साली तुरुंगात गेले. तोने आणि गार्से दोघेही १९४५ साली डाखाउच्या छळछावणीत मरण पावले. १९६१ साली तेविसाव्या जॉन पोपने आपल्या परिपत्रकात ते तीन शब्द घेतले. कार्डाइन १९६५ साली कार्डिनल झाले आणि १९६७ साली वारले.

आपल्या गावातल्या मुलांना हे जमेल का, असे कोणी विचारील. ख्रिस्ती नसलेल्यांनी शुभवर्तमानाच्या जागी आपल्याला मान्य असलेले वचन घ्यावे. आरंभाला प्रश्न दूरचा नको. सकाळी दुधाची पिशवी दारात ठेवून जाणारा मुलगा आपल्याच वयाचा आहे. तो शाळेत जातो का? पुढच्या आठवड्यात मुले बहुधा येऊन सांगतील, की विचारायला धीर झाला नाही. मग त्या दिवशीची बैठक तिथूनच सुरू करावी : धीर का झाला नाही?