पायलीचे मापटे

दिवाळीपूर्वी घरात जी साफसफाई होते तिच्यात पुरुषमाणसाने शक्यतो पडू नये, असे माझे फार दिवसांचे मत आहे. गेल्या वर्षी मी स्वतःच ते मोडले. सौभाग्यवती माळ्यावर चढल्या होत्या, कन्या जळमटे काढीत होती, आणि आपण मात्र खुर्चीत बसून उत्तरपत्रिका तपासतो आहोत ही टोचणी असह्य होऊन मी माझ्या टेबलावरची धूळ पुसायला घेतली. पुसता पुसता संगणकामागचा काळा डबा कडेला सरकला. तो पडू नये म्हणून मी त्याची तार धरून ओढली. डबा वाचला, पण तार जिथे खोचतात ते तोंडच आतून निखळून लोंबू लागले.

हा डबा म्हणजे संगणकाला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. आकाराने एखाद्या जाड शब्दकोशाएवढी, आणि पोटात तीन टेराबाइट जागा. २०१२ साली मी ती मोठ्या हौसेने विकत आणली होती. घरी आणून जोडली तेव्हा संगणकाने तिच्यात २७९४ गिगाबाइटच दाखवले, म्हणून मी दुकानदाराशी भांडूनही आलो होतो. तेव्हा कळले की डिस्क बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि संगणक १०२४ च्या. वस्तू तीच, मोजण्याची रीत निराळी. या पहिल्या धड्यातच पुढच्या साऱ्या प्रकरणाचे मर्म होते. पण विद्यार्थ्यांना 'नीट वाचा' म्हणून सांगणारे आम्ही मास्तर स्वतः कुठे नीट वाचतो?

त्या डब्यात काय होते ते आधी सांगितले पाहिजे. वाईजवळच्या एका खेड्यात माझी आत्या राहत असे. २०१० पासून पुढे सहा-सात उन्हाळे मी एक लहानसे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन तिच्याकडे जात होतो. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, म्हणी, कुणाच्या लग्नात कोण रुसले त्याची हकिकत, भाजणीची प्रमाणे. आत्या बोलत असे आणि मी यंत्र पुढे धरून बसत असे. असे साठ-पासष्ट तासांचे बोलणे जमले. २०१८ साली आत्या गेली. तिच्या घरातून मी दोनच गोष्टी आणल्या होत्या: हा आवाज, आणि धान्य मोजायचे एक लोखंडी मापटे. मापट्यात मी तांबड्या-निळ्या पेन्सिली ठेवतो. आवाज त्या डब्यात ठेवला होता; आणि, सांगायला लाज वाटते, फक्त त्या डब्यातच.

डबा घेऊन मी जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या गृहस्थांनी तो उघडून पाहिला आणि 'डिस्क ठणठणीत आहे, डबा गेला' असा निर्वाळा दिला. आतली डिस्क काढून नव्या डब्यात बसवली, बाराशे रुपये घेतले, आणि जुना डबा पिशवीत घालून माझ्या हाती दिला. मी आनंदात घरी आलो, नवी तार जोडली. डिस्क घरघरली, दिवा लागला, आणि पडद्यावर एक नम्र प्रश्न उमटला. त्याचा मराठी भावार्थ असा: ही डिस्क वापरण्यापूर्वी तिचे फॉरमॅट करणे जरूर आहे, करावयाचे काय?

इतक्या अदबीने विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणण्याचा माझा स्वभाव नाही. माझे बोट 'हो'कडे निघालेही होते.

"अहो, फॉरमॅट म्हणजे काय?" सौ.ने मागून विचारले.

"म्हणजे... तयार करणे. सज्ज करणे."

"पण ती तर तयारच होती ना? बारा वर्षं चालत होती की." आणि मग किंचित थांबून, "ज्या कागदाचा अर्थ कळत नाही त्यावर सही करू नये, हे परवा तुम्हीच पोरीला सांगत होतात."

मी बोट मागे घेतले. माझ्या साऱ्या शिक्षणाने जे केले नाही ते त्या एका वाक्याने केले.

मला एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्याने मला जन्मभर पुरेल इतका त्रास दिला होता, आणि मराठीत तो कसाबसा पास झाला होता. आज त्याचे स्टेशनजवळ संगणक-दुरुस्तीचे दुकान आहे. त्याला फोन लावला.

"सर, कशालाच 'हो' म्हणू नका," तो पहिल्यांदा एवढेच बोलला. मग त्याने मला 'डिस्क मॅनेजमेंट' नावाची खिडकी उघडायला लावली. "डाव्या बाजूला पूर्ण डिस्क किती लिहिली आहे?"

"२७९४."

"आणि उजवीकडचा पहिला भाग?"

"३४९. खाली 'रॉ' असं लिहिलंय. पुढची सगळी जागा कुणाच्याच नावावर नाही म्हणतो."

पलीकडे तो चक्क हसला. माझ्या पोटात कालवाकालव चालली असताना हा हसतो! "सर, २७९४ ला आठाने भागा."

भागले. ३४९ आणि वर थोडे.

"मग काही गेलेलं नाही. डिस्क तशीच आहे. नवा डबा तिला चुकीच्या मापानं मोजतोय. जुना डबा टाकला नाहीत ना?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे घेऊन मी त्याच्या दुकानात बाकावर बसलो आणि गुरुशिष्यांची अदलाबदल झाली. त्याने जे समजावले ते मी माझ्या शब्दांत देतो.

डिस्कवरची माहिती लहान लहान कप्प्यांत ठेवलेली असते. या कप्प्याला सेक्टर म्हणतात. बाहेरून मोजताना हा कप्पा ५१२ बाइटांचा धरावा, ही संगणकाची जुनी वहिवाट. डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या कप्प्यात एक छोटी वही असते: अमुक भाग अमुक क्रमांकाच्या कप्प्यापासून सुरू होतो आणि इतके कप्पे चालतो. या वहीची पद्धत १९८३ सालची. तिच्यात आकडा लिहायला ठरावीकच जागा आहे. सुमारे ४२९ कोटी ४९ लाखांच्या वरचा आकडा तिच्यात मावत नाही. ४२९ कोटी कप्पे, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे झाले २.२ टेराबाइट. माझी डिस्क तीनची! नव्या पद्धतीची मोठी वही तोवर निघाली होती. पण २०१२ साली घरोघरी चालणाऱ्या विंडोज एक्सपीला बहुतेक ठिकाणी ती वाचता येत नसे.

तेव्हा डबा बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये डब्यात एक इवलीशी पाटी असते. ती दुभाष्याचे काम करते. त्या दुभाष्याने आठ-आठ कप्प्यांचा एक मोठा कप्पा मानायचा आणि संगणकाला सांगायचे की आमच्याकडे कप्पा ४०९६ बाइटांचाच असतो. आकडे आठ पटींनी लहान झाले, जुन्या वहीत मावले, आणि माझी डिस्क जुन्या संगणकावरही सुखाने चालू लागली.

बारा वर्षांनी दुभाष्या बदलला. नवा ५१२ ने मोजणारा. वहीत लिहिले होते, 'मजकूर २५६ व्या कप्प्यापासून'. नव्याने २५६ लहान कप्पे मोजले आणि खऱ्या जागेच्या एक अष्टमांश अंतरावरच थांबला. तिथे त्याला ओळखीचे काही दिसेना. भागाची लांबीही आठपट आखडली. झाले, त्याने संगणकाला कळवले की इथे वाचण्याजोगे काही नाही, आणि संगणकाने मला विचारले की मग पुसून टाकू का?

ऐकता ऐकता मला एकदम आत्याची एक गोष्ट आठवली. ती नवी नवरी होऊन सासरी आली तेव्हाची. गावचा सुतार बलुते न्यायला दारात आला. सासरे शेतावरून निरोप पाठवते झाले, 'त्याला पाच घाल.' आत्याने पाच मापटी मोजून घातली. सुतार काही न बोलता गेला आणि पुढे महिनाभर त्या घरचा नांगर दुरुस्त झाला नाही. सासऱ्यांना म्हणायचे होते पाच पायल्या. दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. म्हणजे पायलीत मापटी आठ. सासरे रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आकडा बरोबर हाय पोरी, माप चुकलं."

मी हे सांगितले तेव्हा माझा विद्यार्थी हातातले काम थांबवून म्हणाला, "सर, अगदी हेच. हे तुम्ही वर्गात का नाही सांगितलंत कधी?"

मग त्याने कामाला हात घातला, पण लगेच दुरुस्तीला नव्हे. आधी त्याने एक मोठी रिकामी डिस्क आणली आणि माझ्या डिस्कची कप्प्यागणिक, जशीच्या तशी नक्कल करायला लावली. वाचायचे फक्त, मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही. या कामाला सारी रात्र लागते. मी घरी जाऊन आढ्याकडे पाहत पडलो. दुसऱ्या संध्याकाळी त्याने जुन्या डब्यातली पाटी काढली आणि भिंगाखाली धरून ते निखळलेले तोंड पुन्हा झाळून बसवले. डिस्क तिला जोडली. घरघर झाली. या वेळी पडद्याने काहीच विचारले नाही. माझे सारे कप्पे, माझ्याच अशुद्ध-शुद्ध नावांनिशी, निमूटपणे उघडले.

वाचकांच्या घरी असे डबे असतीलच, म्हणून त्याने सांगितलेल्या चार गोष्टी इथे लिहून ठेवतो. डिस्क ओळखली गेली नाही तर आधी दुसरी तार, दुसरे भोक आणि दुसरा संगणक वापरून पाहावा. 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइज' करू का, या प्रश्नांना नकार द्यावा. माहिती वाचवण्यासाठी या दोहोंची गरज नसते. एकूण आकार आणि भागाचा आकार कागदावर लिहून घ्यावा. एक दुसऱ्याच्या आठवा हिस्सा निघाला तर रोग बहुधा मापाचाच. जुन्या डब्यातली पाटी कधी टाकू नये. ती जळाली असती तरी माझे काम झाले असते. टेस्टडिस्क नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, त्याला कप्पा ४०९६ चा धर असे सांगता येते. पण काही कंपन्यांच्या डब्यांतली पाटी मजकूर कुलूपबंद करून डिस्कवर लिहिते. तिथे पाटी गेली की किल्लीच गेली. आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर हे कोणतेच प्रयोग न करता ती बंद करून जाणकाराकडे न्यावी, कारण तो रोग मापाचा नव्हे, हाडाचा.

पाचवी गोष्ट मला कुणी सांगावी लागली नाही. आत्याच्या आवाजाच्या आता तीन प्रती आहेत, आणि त्यातली एक बहिणीच्या घरी नाशिकला आहे.

या प्रकरणानंतर मला मोडी कागदांची राहून राहून आठवण येते. मोडी न येणारा माणूस जुन्या घरातले रुमाल चाळतो, 'यात काही नाही' म्हणतो, आणि कागद बंबात जातात. कागदात असते, वाचणाऱ्यापाशी नसते. माझा संगणक खोटे बोलत नव्हता. त्याला दिसले नाही एवढेच त्याने सांगितले. पण जे आपल्याला दिसत नाही ते पुसून टाकावे, असे त्याला वाटले. हा दोष यंत्रातच असतो असे मात्र म्हणवत नाही. आत्याच्या कितीतरी ओव्यांना मीही पहिल्या उन्हाळ्यात 'यात काही विशेष नाही' असा शेरा मारून ठेवला होता, आणि त्या पुसल्या नाहीत एवढेच माझे नशीब.

त्या रात्री आम्ही तिघे टेबलाभोवती बसलो आणि आत्याचा आवाज लावला. आधी जात्याची घरघर, मग तिचा खोकला, मग "ऐकतंय का रं ते तुझं यंत्र?" भाजणीचे प्रमाण सांगत होती: तांदूळ अधोलीभर, हरभऱ्याची डाळ शेरभर, उडीद मापटंभर; धने-जिरे हाताच्या अंदाजाने. सौ.ने वही उघडली होती. तिने यंत्र थांबवून विचारले, "मापटंभर म्हणजे किती ग्रॅम हो?"

कायद्याने दशमान मापे आणली ती १९५६ साली. आत्याच्या स्वयंपाकघरात ती कधी शिरली नाहीत. कन्या उठली. तिने टेबलावरच्या मापट्यातल्या पेन्सिली माझ्यापुढे ओतल्या, ते धुऊन पुसून आणले, काठोकाठ उडीद भरून बोटाने सारखे केले आणि काट्यावर नेऊन ओतले. आलेला आकडा सौ.ने वहीत लिहिला, आणि पुढे कंसात लिहिले: आत्यांचे मापटे.

मी उठलो आणि जुन्या काळ्या डब्यावर कागदाची पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिले, 'ही डिस्क याच डब्यातून वाचावी.' त्या वर्षीच्या चकल्या जरा कडक झाल्या होत्या. पण त्या आत्याच्याच होत्या.