तिलाही गटाच्या कामात घ्या



गटाची माहिती भरताना मी विचारते, "घरात माणसं किती?" मागं एका ताईंनी चार सांगितली. तेवढ्यात पाचवी पाणी घेऊन बाहेर आली. तरणी लेक, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. ताई म्हणाल्या, "तिला कशाला धरताय मॅडम? तिला काय येतंय?" खरं तर पाणी तिनंच आणलं होतं आणि चहाही तिनंच केला.

अशा मुलामुलींना काय येतं, हे मुंबईतल्या दोन हॉटेलांनी दाखवलंय. पवईत २०१५ साली 'मिर्ची अँड माईम' सुरू झालं. तिथं वाढायला कर्णबधिर मुलं-मुली होती. मेनूकार्डावर पदार्थासोबत हाताची खूण दिलेली. गिऱ्हाईकानं ती खूण करून दाखवली की ऑर्डर कळायची. म्हणजे मुलांनी बोलायला नाही, तर गिऱ्हाइकानं खुणा करायला शिकायचं!

जुहूला २०१८ मध्ये 'कॅफे अर्पण' सुरू झाला. तो चालवणाऱ्या यश चॅरिटेबल ट्रस्टच्या डॉ. सुषमा नगरकर या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई. संस्थेनं आधी डबे पोचवायचं काम केलं, मग कॅफे काढला. तिथं स्वमग्न आणि बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं पगारावर काम करतात.

मुंबई लांब वाटत असेल, तर आपलं कोल्हापूर बघा. व्हीलचेअरवरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये इथंच 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. सिंधुदुर्गात त्यांच्या काजू प्रकल्पात दिव्यांग कामगारांनी काम केलं.

आता आपलं. धरण बघायला, दाजीपूरला गवे बघायला लोक येतात. आपले गट चहा-भजी, झुणका-भाकरी, नाचणीचे लाडू विकतात. त्यात तिला कसं घ्यायचं?

एक, कामाचे तुकडे करा. "लाडू भर" असं नको. जाड पुठ्ठ्यावर दहा गोल काढा, प्रत्येक गोलावर एक लाडू. गोल भरले की एक पाकीट. मोजता आलं नाही तरी चुकत नाही. चहाच्या मापाला नेलपॉलिशची खूण करा.

दोन, सुरुवातीला एकीनं शेजारी बसायचं. हात हळू चालंल, एखादं पाकीट चुकंल, पण काम हातातनं काढून घ्यायचं नाही. आणि कुठलं काम आवडतंय, ते तिलाच विचारायचं.

तीन, पैसे. पाकिटाला सगळ्यांना जो दर, तोच तिला, आणि तिच्याच बँक खात्यावर. "बसून तर असती" म्हणून फुकट राबवून घ्यायचं नाही.

हेही लक्षात ठेवा: 'उमेद'मध्ये दिव्यांगांचा वेगळा गट ५ जणांचाही होतो आणि त्यात पुरुषही चालतात. कुणाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, काढायचं राहिलं असेल तर मला सांगा, अर्ज मिळून भरू.

"माझ्यामागं हिचं कोण?" हा घोर प्रत्येक आईला असतो. हाताला काम, खात्यावर चार पैसे आणि गटातल्या दहा बाया ओळखीच्या असल्या, तर तो घोर थोडा तरी हलका होतो.

त्या घराच्या फॉर्मवर मी पाच लिहिलं. पुढच्या बैठकीला येताना तुम्हीही आपल्या गल्लीतली राहिलेली नावं घेऊन या.