चोवीस तासांची एक भरती

व्हिएतनामची सहल ठरवताना एक प्रश्न हमखास निघतो. हालाँगला दिवसभराची फेरी पुरे, की बोटीवर रात्र काढायची? हनोईपासून अडीच-तीन तासांवर किनारा. दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर चढायचं, जेवायचं, एखादी गुहा बघायची, कायाक वल्हवायची, रात्री बेटांच्या आडोशाला नांगर टाकून झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आसपास धक्क्यावर परत यायचं. पत्रकात याला ‘दोन दिवस, एक रात्र’ म्हणतात. हिशेब केला तर ते भरतात बावीस-तेवीस तास, आणि त्यासाठी मोजायचे पैसे दिवसाच्या फेरीच्या कितीतरी पट. बेटं तर दोन्हीकडे तीच दिसतात. मग कशाला, असं काटकसरी माणसाला वाटणारच.

सूर्यास्त, डेकवरचं जेवण वगैरे कारणं टूरवाले देतातच. माझं कारण निराळं आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर समुद्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा उतरतो. हालाँगमध्ये बहुतेक दिवशी तो एकदाच भरतो आणि एकदाच उतरतो. चार-पाच तासांच्या फेरीत त्या चक्राचा एक तुकडा तेवढा दिसतो. आणि हालाँगची सगळी करामत पाण्याच्या त्या खाली-वर होणाऱ्या रेषेवरच चाललेली असल्यामुळे, मुक्कामाला न राहणारा प्रवासी देखावा पाहून परततो आणि तो देखावा घडवणारा कारागीर मात्र त्याच्या नजरेतून सुटतो.

आधी दगडाबद्दल थोडं. उपसागराचं क्षेत्र सुमारे 1,553 चौरस किलोमीटर आणि त्यात बेटं 1,969. त्यांतली 775 बेटं 334 चौरस किलोमीटरच्या गाभ्याच्या भागात दाटलेली आहेत. 1994 मध्ये सौंदर्यासाठी आणि 2000 मध्ये भूशास्त्रीय मोलासाठी असं दोनदा युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा म्हणून मान दिला. 2023 मध्ये शेजारचा कात बा द्वीपसमूहही त्यात घेतला. ही बेटं चुनखडीची. सुमारे 34 ते 25 कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता आणि त्यातल्या जिवांच्या कवचांचा, चुन्याच्या गाळाचा थर साचत साचत हजार मीटरहून जाड झाला. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे यापुढे तो पोरसवदाच. दुसराही फरक आहे. बेसॉल्ट झिजतो, फुटतो, चुनखडी विरघळते. म्हणूनच वेरूळ-अजिंठ्याची लेणी माणसाला छिन्नीनं खोदावी लागली आणि हालाँगच्या गुहा पावसानं खोदल्या.

हे काम पावसाचं साधं पाणी करू शकत नाही. हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन ते खाली येतं, पण खरा जोर त्याला मिळतो तो मातीत. झाडांची मुळं आणि कुजणारा पाचोळा यांमुळे मातीतल्या हवेत हा वायू कितीतरी जास्त असतो. तो पिऊन आम्ल झालेलं पाणी भेगांमधून उतरतं आणि दगड सोबत घेऊन जातं. या भागात वर्षाला सुमारे दोन मीटर पाऊस पडतो, हवा उष्ण असते आणि दगड बऱ्यापैकी शुद्ध आहे. हा उद्योग निदान दोन कोटी वर्षं चाललेला आहे. आधी पठारावर खळगे पडले, खळगे खोल होऊन मध्ये शंकूसारखे डोंगर उरले, पुढे सखल मैदानात सुटे सुळके उभे राहिले. चीनमधल्या ग्वेलिनची चित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा देखावा ओळखीचा वाटेल. तिथे सुळक्यांच्या पायथ्याशी भातखाचरं आहेत आणि इथे समुद्र आहे, फरक तेवढाच.

हा समुद्र मात्र अगदी अलीकडचा. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. नांगर टाकलेल्या बोटीच्या तळाखाली आज बहुतेक ठिकाणी जेमतेम सहा ते दहा मीटर पाणी असतं. तेव्हा ती सगळी जमीन होती. नद्या वाहत, रानं होती, एका सुळक्याकडून दुसऱ्याकडे चालत जाता येई. बर्फ वितळला आणि सात-आठ हजार वर्षांपूर्वी पाणी इथवर आलं. गुहांमध्ये राहणाऱ्या माणसांनी आपलं अंगण बुडताना पाहिलं असणार. उत्खननात सापडणाऱ्या सर्वांत जुन्या वस्तीला स्वाय न्यू संस्कृती म्हणतात. त्या थरांत डोंगरी गोगलगायींच्या कवचांचे ढीग मिळतात. नंतरच्या काई बेओ आणि हालाँग संस्कृतींची माणसं समुद्रावर जगणारी झाली. पाण्यानं वेढलं जाणं माकडांनाही चुकलं नाही. कात बाचा सोनेरी डोक्याचा लंगूर जगात फक्त त्या एका बेटावर उरला आहे आणि त्याची संख्या शंभराच्याही आत आहे.

आता पाण्याच्या रेषेकडे येऊ. खिशात व्हिएतनामची दोन लाख डाँगची तांबूस नोट असेल तर उलटी करून बघा. तिच्यावर हालाँगमधला दिन्ह हुआँग नावाचा छोटा खडक छापलेला आहे. वर रुंद, खाली चिंचोळा. ओहोटीला त्याचे पाय उघडे पडतात आणि भरतीला ते पाण्यात जातात. हे एकट्या त्या खडकाचं वैशिष्ट्य नाही. उपसागरातल्या जवळजवळ प्रत्येक कड्याला पाण्याच्या पातळीला अशी आडवी खाच आहे. काही ठिकाणी ती इतकी आत गेली आहे की वरचा कडा छपरासारखा पुढे येतो. कायाक या छपराखाली घालता येते. एरवी फोटो वरच्या कड्याचे निघतात. इथे थांबून मान खाली घालावी.

ओहोटीला डोळ्यांसमोर जे येतं ते असं. सर्वांत वर राखाडी, सुईसारख्या धारांचा दगड; हात ठेवला तर टोचतो. त्याखाली काळपट पट्टा. मग कालवांचा पांढुरका, खरबरीत पट्टा, ज्यावर कायाक घासली तर तिच्यावर चरे पडतात. त्याहून खाली शेवाळ. खाचेच्या छतावरही कालवं उलटी चिकटलेली असतात, म्हणजे भरतीला पाणी तिथवर पोचतं याची ती खूणच. आता साहजिक वाटतं की पावसानं वरून जे केलं तेच समुद्र इथे खालून करतो आहे आणि दगड विरघळवतो आहे. तसं नाही. उष्ण कटिबंधातल्या समुद्राच्या वरच्या थरात चुना आधीच इतका विरघळलेला असतो की आणखी घ्यायला त्याला फारशी जागा नसते. मग खाच पाडतं कोण?

बऱ्याच अंशी ही खोदाई जिवंत प्राण्यांची असते. दगडाच्या आत, पृष्ठभागापासून मिलिमीटरभर खोल, सूक्ष्म नीलहरित जिवाणू राहतात. वरचा काळपट पट्टा त्यांचाच. त्यांना खायला गोगलगायी आणि कायटन नावाचे चपट्या कवचाचे प्राणी येतात. जिवाणू दगडात आहेत म्हटल्यावर दगडासकट खरवडण्यावाचून इलाज नाही. कायटनच्या दातांवर तर मॅग्नेटाइटचं, म्हणजे लोहाच्या कठीण खनिजाचं आवरण असतं. खालच्या बाजूला दगडात बिळं करून राहणारे शिंपले आणि स्पंज आपापल्या परीनं पोखरत असतात. लाटांचा यात वाटा थोडाच, कारण इतक्या बेटांच्या आडोशात उपसागर बहुतेक दिवस शांत असतो. पायथा असा खात खात आत गेला की एक दिवस वरचा भार पेलवत नाही, कडा कोसळतो आणि नवा उभा कडा उघडा पडतो. हालाँगचे सुळके इतके सरळसोट का, याचं उत्तर या गोगलगायींच्या तोंडात आहे.

ही खाच इतकी उंच-रुंद असण्याचं कारण भरती-ओहोटी. मोठ्या भरतीच्या दिवशी इथे पाण्याच्या पातळीत साडेतीन ते चार मीटरचा फरक पडतो. मुंबईकराला हा आकडा नवा नाही. नवं आहे ते त्याचं वेळापत्रक. आपल्याकडे कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसाही आणि रात्रीही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. हालाँग ज्यात आहे त्या टाँकिनच्या आखातात हे गणित पार कोलमडतं. तिथे पाणी साधारण बारा तास चढतं आणि बारा तास उतरतं. उधाण येतं ते चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला जास्तीत जास्त दूर गेलेला असतो तेव्हा, मग तिथी कोणतीही असो. चंद्र विषुववृत्तावर आला की दोनेक दिवस समुद्र जवळजवळ हलतच नाही.

या विचित्रपणानं युरोपातल्या शास्त्रज्ञांना सतराव्या शतकातच बुचकळ्यात टाकलं होतं. फ्रान्सिस डॅव्हनपोर्ट नावाच्या इंग्रज दर्यावर्द्यानं टाँकिनच्या नदीमुखाजवळ केलेल्या भरतीच्या नोंदी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पोचल्या आणि 1684 मध्ये एडमंड हॅलीच्या टिप्पणीसह छापून आल्या. हॅली म्हणजे ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे तोच. तीन वर्षांनी आलेल्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटननं तिथल्या बंदराचा उल्लेख करून स्पष्टीकरण दिलं. तिथे भरती दोन वाटांनी येते, एक चीनच्या समुद्रातून आणि दुसरी हिंदी महासागराकडून, आणि दुसरी पहिलीपेक्षा सहा तास उशिरा पोचते. म्हणून एकीची भरती दुसरीच्या ओहोटीवर पडते आणि रोजच्या दोन भरत्या एकमेकींना पुसून टाकतात. चंद्र विषुववृत्तापासून दूर असताना दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. त्यांच्यातला फरक तेवढा पुसायचा राहतो आणि तोच दिवसातून एकदा येणारी भरती होऊन दिसतो. दोन लहरी एकत्र येऊन एकमेकींना नाहीशा करतात ही कल्पना, म्हणजे आपण शाळेत शिकतो ते व्यतिकरण. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस यंगनं प्रकाशाला ते लावलं, तेव्हा त्यानंही या टाँकिनच्या भरतीचा दाखला दिला होता. पर्यटकांच्या माहितीपत्रकात ड्रॅगनची दंतकथा असते. न्यूटनचा हा किस्सा मला तरी कुठल्या पत्रकात आढळलेला नाही.

न्यूटनच्या वाटा आज तशाच्या तशा मानत नाहीत. आता कारण सांगतात ते अनुनादाचं. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत झोके दिले तर तो चढत जातो, भलत्याच वेळी दिले तर अडखळतो. टाँकिनच्या आखाताची लांबी आणि उथळपणा अशा मापाचा आहे की त्यातल्या पाण्याची हेलकाव्याची लय दिवसातून एकदा येणाऱ्या ओढीच्या जवळपास बसते. ती ओढ फुगते आणि दिवसातून दोनदा येणारी ओढ तिथे जोर धरत नाही. चंद्राची उत्तर-दक्षिण धाव 18.6 वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होते. 2024-25 मध्ये ती कमाल होती. म्हणजे सध्याच्या काही वर्षांत हालाँगच्या भरती-ओहोटीतला फरक नेहमीपेक्षा जास्त आहे आणि 2034 च्या सुमारास तो सर्वांत कमी असेल.

भरतीची वेळ माहीत असण्याचा प्रत्यक्ष उपयोग लुओन गुहेपाशी कळतो. बो होन बेटाच्या कड्यात पाण्याच्या पातळीला एक कमान आहे. तिच्यातून होडी आत घातली की चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेलं तळं लागतं. पूर्वी हा चुनखडीतला बंद खळगा होता. समुद्र वर आल्यावर जुन्या गुहेच्या वाटेनं पाणी आत शिरलं. ओहोटीला कमान उंच वाटते, भरतीला डोक्यावरचं छत खाली आल्यासारखं होतं. काही बेटांतल्या बा हामसारख्या तळ्यांच्या वाटा तर पाणी उतरलेलं असतानाच मोकळ्या असतात. सुंग सोतसारख्या मोठ्या, कोरड्या गुहांना भरतीचं सोयरसुतक नाही. त्या जमिनीखालच्या पाण्यानं फार पूर्वी कोरल्या आणि आता उंचावर राहिल्या आहेत. तिथली रंगीत दिव्यांची रोषणाई कोणी लवकर बंद करील तर बरं. उजेडात शेवाळ धरतं, आणि लवणस्तंभ शंभर वर्षांत एखाद-दुसरा सेंटीमीटर वाढतो.

रात्री बहुतेक बोटींवर म्हाकूळ पकडायचा कार्यक्रम असतो. पाण्यावर दिवा सोडायचा आणि बांबूची काठी धरून बसायचं. प्रकाशाला सूक्ष्म जीव जमतात, त्यांच्यामागे छोटे मासे येतात आणि म्हाकूळ उजेड-अंधाराच्या सीमेवर दबा धरतं. गळाला बहुधा काहीच लागत नाही. तोच दिवा, किंवा मोबाइलची बॅटरी, समोरच्या कड्यावर धरून बघावी. झोपताना कड्यावरच्या कालवांच्या पट्ट्याशी पाणी कुठवर आहे ते पाहायचं, पहाटे पुन्हा तोच पट्टा पाहायचा. संध्याकाळी पाण्याखाली असलेले दोन-तीन मीटर सकाळी उघडे असतील, किंवा उलट.

तारीख निवडताना दोन गोष्टी बघाव्यात. जून ते सप्टेंबर हे वादळांचे महिने. सप्टेंबर 2024 मधल्या यागी चक्रीवादळानं या किनाऱ्याची दैना केली, आणि जुलै 2025 मध्ये अचानक आलेल्या वादळी पावसात एक पर्यटक बोट उलटून तीसहून अधिक माणसं गेली. वादळाच्या इशाऱ्यामुळे मुक्काम रद्द झाला तर हुज्जत घालू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुकं आणि झिमझिम असते. आपल्या दिवाळीच्या सुट्टीचे दिवस त्या मानानं चांगले. दुसरं म्हणजे त्या दिवशी चंद्र विषुववृत्ताच्या आसपास नाही ना, ते खगोलीय ॲपवर दिसतं. नाहीतर सरळ होन दाउचं भरतीचं वेळापत्रक पाहावं. हायफाँगजवळच्या या बेटावरच्या भरतीच्या नोंदींतून काढलेली समुद्राची सरासरी पातळी म्हणजे व्हिएतनामचा शून्य. त्या देशातल्या सगळ्या डोंगरांच्या उंच्या तिथूनच मोजतात.