वगळलेली वचने

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने दैवी प्रकटीकरणाविषयीचा आपला दस्तऐवज १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जाहीर केला, त्याला २०२५ साली साठ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने वसईत भरलेल्या एका सभेत एका महाविद्यालयीन मुलीने प्रश्न विचारला: यरीहो नगरातील स्त्रीपुरुष, बालवृद्ध आणि गुरेढोरे यांच्या संहाराचा यहोशवाच्या पुस्तकातील वृत्तान्त ख्रिस्ती माणसाने कसा वाचावा? 'असली वचने सामान्य भाविकांसाठी नाहीत, त्यांच्या वाटेस जाऊ नये,' असे उत्तर तिला व्यासपीठावरून मिळाले आणि सभा पुढील कार्यक्रमाकडे वळली. ज्या दस्तऐवजाचा गौरव करण्यासाठी आम्ही जमलो होतो, त्याने सामान्य भाविकाला शास्त्राचे दार सताड उघडून दिले होते. आणि त्याच्याच वर्धापनदिनी ते दार एका जिज्ञासू मुलीच्या तोंडावर लोटले गेले, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली. हा मागोवा त्या दुःखापोटी लिहीत आहे.

मराठीतील शास्त्रवाचनाचा आरंभकाळ मी झपाट्याने ओलांडतो, कारण त्याचा गौरव पुष्कळ झाला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ साली बाहेर पडला. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. अहमदनगर, पुणे, मुंबई येथील प्रॉटेस्टंट कुटुंबांत बायबल रोजच्या हाताळणीतले पुस्तक झाले. वसईच्या कॅथलिक घरात मात्र जपमाळ होती, संतांच्या तसबिरी होत्या, पण बायबल क्वचितच होते. मिस्सा लॅटिनमध्ये होई, रविवारची वाचने वर्षानुवर्षे तीच फिरून येत आणि त्यांत जुन्या कराराचा अंश जवळजवळ नसे. ज्याने ग्रंथच उघडला नाही त्याला त्यातील कठीण स्थळांची अडचण ती कुठून येणार?

विश्वपरिषदेच्या त्या दस्तऐवजाने ही स्थिती पालटली. बाराव्या पियसने १९४३ सालच्या आपल्या पत्रकात पवित्र लेखकांच्या काळाचे लेखनप्रकार अभ्यासण्याची मुभा विद्वानांना दिली होती. परिषदेने तोच विचार साऱ्या श्रद्धावंतांपुढे ठेवला आणि जुन्या करारातील ग्रंथांत अपूर्ण व तात्कालिक असेही काही आहे, तरीही देवाच्या शिक्षणपद्धतीचे दर्शन त्यांतून घडते, हे निःसंकोच सांगितले. १९६९ साली नवी वाचनमालिका आली, रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात विभागली गेली आणि जुन्या कराराचा पाठ बहुतेक रविवारी मराठीतून कानी पडू लागला. अब्राहाम इसहाकावर सुरी उगारतो, हे आमच्या वाडीतील म्हाताऱ्यांनी स्वतःच्या भाषेत ऐकले, तेव्हा कित्येकांनी मिस्सा संपल्यावर फादरांना अंगणातच गाठले.

त्या प्रश्नांतूनच आमचे वाचनमंडळ उभे राहिले, आणि पुढची दहाएक वर्षे माझ्या आयुष्यातील सर्वांत समृद्ध वर्षे ठरली. बागायतदार, शाळामास्तर, रोज चर्चगेटला जाणारे कारकून, दोनतीन विधवा आणि नगरकडून बदलून आलेले एक प्रॉटेस्टंट शिक्षक, असा तो मेळा होता. त्या शिक्षकांच्या हातचे बायबल वापरून पानोपानी झिजले होते, आणि आमच्यापैकी बहुतेकांना संदर्भ शोधायला त्यांनीच शिकवले. नियम एकच होता: जे अवघड वाटेल ते प्रथम संपूर्ण, मोठ्याने वाचायचे, समर्थन अथवा निषेध त्यानंतर.

यरीहोचा प्रश्न तेव्हाही आला होता, आणि त्याला कोणी भ्यायले नव्हते. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तेथे केलेल्या उत्खननाचा निष्कर्ष असा होता, की ज्या काळात यहोशवाची स्वारी मानली जाते त्या काळी तेथे तटबंदीचे थोर नगर उभेच नव्हते. शास्ते या ग्रंथाचा पहिलाच अध्याय कनानी लोक आपापल्या गावी राहिलेच, अशी यादी देतो, म्हणजे सर्वसंहाराच्या वर्णनाला बायबलच आतून छेद देते. शिवाय १८६८ साली सापडलेल्या शिलालेखात मवाबाचा राजा मेशा हाही, इस्राएलाचे नबो नगर घेऊन तेथील सात हजार जीव आपण दैवताला अर्पण केले, अशी प्रौढी मिरवतो. त्या युगातील राजांच्या जयघोषाची भाषाच तशी होती, आणि इस्राएलानेही आपला इतिहास त्याच भाषेत सांगितला. नगरच्या मास्तरांना हे पुरेसे वाटेना. संहार घडला नसेल, पण तो देवाच्या नावे गौरवावा असे लेखकाला वाटले, त्याचे काय, असे ते विचारीत. त्या प्रश्नावर आम्ही कित्येक संध्याकाळी घालवल्या आणि अखेर जे हाती लागले त्यावर मी आजही उभा आहे: देवाने आपली वाणी हिंस्र काळातील माणसांच्या हाती सोपवली, त्यांच्या कठोरपणासह त्यांना हाती धरले आणि शतकानुशतके शिकवीत वधस्तंभापर्यंत आणले, म्हणून यहोशवाच्या पुस्तकाचा न्याय नाझरेथच्या येशूने करायचा, यहोशवाने येशूचा नव्हे.

आईबाप, बायकोमुले यांचा द्वेष केल्यावाचून कोणाला माझा शिष्य होता येणार नाही, हे लूकच्या चौदाव्या अध्यायातील वचन मराठी ख्रिस्ती समाजाने तर अंगावर झेलले आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तोच उपदेश 'माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा' अशा सौम्य रूपात आहे, हे भाष्यकार दाखवतात आणि ते बरोबरही आहे. परंतु नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, त्या काळाचे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त केलेले वर्णन ज्याने वाचले असेल, त्याला त्या वचनाची धार सौम्य पाठाने बोथट होत नाही हे कळेल. आमच्या मंडळातील एका विधवेने विचारले होते, की मागे राहिलेल्या बाईला येशू काय म्हणतो? या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही भाष्यात मिळालेले नाही. इफ्ताहाने नवसापायी बळी दिलेल्या मुलीची कथाही आम्ही तशीच सोडली. शास्ते ग्रंथाने तिचे नावही नोंदलेले नाही, मग तिच्या मरणाचा अर्थ आम्ही घाईने लावावा हे आम्हांला अनुचित वाटले.

आपल्या लेकीसाठी विनवणी करणाऱ्या कनानी स्त्रीच्या प्रसंगाची चर्चा मी विसरू शकत नाही. लेकरांची भाकर कुत्र्यांना घालणे ठीक नाही, असे येशू तिला म्हणतो. ज्या समाजातील माणसांना पाणवठ्यावरून हाकलण्यात आले, त्यांच्या वंशजांनी हे वाक्य तोंड भरून कसे वाचावे? येशू केवळ तिच्या श्रद्धेची परीक्षा घेत होता, असे प्रवचनातून सांगतात. मला ते समाधान कधीच पटले नाही, कारण परीक्षेसाठी कोणाला कुत्रे म्हणणे हे दयाळू गुरूचे लक्षण नव्हे. पण मत्तय आणि मार्क या दोघांनी हा प्रसंग लपवला नाही, आणि साऱ्या शुभवर्तमानांत येशूशी वाद घालून जिंकणारी व्यक्ती हीच एक परदेशी स्त्री आहे, हे त्यांनी आम्हांला दिसू दिले. देव मनुष्य झाला तो गालीलातल्या एका यहूदी घरात वाढला, त्या घराच्या मर्यादांसह वाढला आणि एका आईच्या प्रत्युत्तराने त्याने त्या मर्यादेपलीकडे पाऊल टाकले, असे मानण्यात माझ्या श्रद्धेला कमीपणा येत नाही.

या वर्षांत आम्हांला दोन मार्गांशी सतत झगडावे लागले. एक मार्कियोनचा: जुन्या कराराचा देव क्रूर, नव्याचा प्रेमळ, म्हणून जुना टाकावा. रोमच्या मंडळीने त्याला इ. स. १४४ च्या सुमारास बाहेर काढले, तरी त्याचे शिष्य आज आमच्या प्रवचनपीठांवरून, आपण त्याचे शिष्य आहोत हे न जाणता, बोलत असतात. त्या मताने यहूदी समाजावर शतकानुशतके किती अन्याय झाला, याची त्यांना जाणीव नसते. दुसरा मार्ग रूपकार्थाने वाचणाऱ्या ओरिजेनचा: एकशे सदतिसाव्या स्तोत्रातील खडकावर आपटायची बाबेलची बालके म्हणजे मनात उगवणारे कुविचार, आणि खडक म्हणजे ख्रिस्त. हा अर्थ पवित्र आहे, साधनेला उपयोगीही आहे, पण त्याने ती बालके अदृश्य होतात.

आणि मग १९७१ सालचा तो निर्णय आला, ज्याची सल माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही. सुधारलेल्या दैनिक प्रार्थनाग्रंथातून अठ्ठावन्न, त्र्याऐंशी आणि एकशे नऊ ही तीन स्तोत्रे संपूर्ण गाळण्यात आली, आणि इतर काही स्तोत्रांतील शापवचनेही काढण्यात आली. कारण सांगितले ते असे, की त्यांच्यामुळे प्रार्थना करणाऱ्याच्या मनाला अडचण होते. अडचण होते हे खरेच आहे. परंतु शापस्तोत्र ही मुळात फिर्याद आहे: ज्याला कोणत्याही कचेरीत दाद मिळाली नाही असा माणूस आपली कैफियत सर्वोच्च न्यायासनापुढे ठेवतो आणि सूड स्वतःच्या हाताने न घेता तेथे सोपवून परत फिरतो. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम जळाले, त्याची मुले मारली गेली, त्या शहराचे निर्वासित एकशे सदतिसाव्या स्तोत्रात बोलतात. सुरक्षित घरात बसलेल्या वाचकाला त्यांचा स्वर असह्य झाला म्हणून त्यांचे तोंड बंद करण्याचा अधिकार कोणाला? डीट्रिख बोनहोफर यांनी १९४० साली, नात्सी राजवटीत, स्तोत्रांवरील आपल्या छोट्या पुस्तकात या शापप्रार्थनांची तरफदारी केली होती आणि पुढे त्याच राजवटीने त्यांना फाशी दिले. एकशे नववे स्तोत्र तर पेत्राने प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात आधाराला घेतले आहे. पेत्राला जे चालले ते आमच्या प्रार्थनाग्रंथाला चालू नये?

वाचनमालिकेनेही तीच काटछाट केली. खरोखरी अवघड पाठ रविवारी टाळावेत, असे तिच्या प्रस्तावनेतच नमूद आहे. प्रायश्चित्तकाळातील एका रविवारी बाबेलच्या नद्यांकाठचे ते एकशे सदतिसावे स्तोत्र गायले जाते, पण सहाव्या वचनावर थांबते. रडणे ऐकू येते, राग ऐकू येत नाही. मंडळाची ती वर्षे सरल्यानंतरच्या चाळीसेक वर्षांबद्दल मी थोडक्यात सांगतो. पुण्यात फादर जॉर्ज सोअरेस-प्रभू यांच्यासारखे भाष्यकार गरिबांच्या डोळ्यांनी शुभवर्तमान वाचायला शिकवीत होते. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठी वाचकाच्या हाती दिले आणि त्यांचे ऋण २०२४ साली त्यांच्या निधनानंतर अधिकच जाणवते. सोळाव्या बेनेडिक्ट यांनीही २०१० साली बायबलमधील काळोखी स्थळे टाळू नयेत, असे स्पष्ट लिहिले. पण आमच्या धर्मग्रामांत शास्त्रवाचनाची मंडळे एकेक करून थंडावली, त्यांच्या जागी आरोग्याची व भरभराटीची अभिवचने तेवढी वेचून सांगणारी शिबिरे आली, आणि भ्रमणध्वनीवर रोज सकाळी एक सोज्ज्वळ वचन संदर्भावाचून पोचू लागले. हे वाचन माणसाला घडवीत नाही. दुःखाचा घाला पडला म्हणजे ही वेचलेली वचने तोकडी पडतात, आणि ज्या स्तोत्रांनी तेव्हा साथ दिली असती ती त्याला कोणी ऐकवलेलीच नसतात.

एका वर्षाआड सामान्य काळाच्या दुसऱ्या सप्ताहातील सोमवारच्या वाचनात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय येतो. मालिकेप्रमाणे वाचक सोळाव्या वचनापासून आरंभ करतो; शौलाने आज्ञा मोडली आणि यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे, हे सर्वांना ऐकू येते, पण त्या आज्ञेत तान्ह्या बाळांचाही समावेश होता हे सांगणारे तिसरे वचन वाचले जात नाही. विधीत फेरफार करण्याचा अधिकार धर्मगुरूंना नाही, हे मी जाणतो. माझी विनंती इतकीच आहे, की त्या दिवशी मिस्सेनंतर अर्धा तास चर्चचे सभागृह उघडे ठेवावे, अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा आणि ज्यांना प्रश्न आहेत त्यांना बसू द्यावे.